निरोपाचा हात

माझा खांदा आखडला होता, म्हणून मी इंद्रपुरीत फिजिओथेरपीला जायचो. शेजारच्या खुर्चीवर रोज तेच गृहस्थ असायचे. कारखान्यात मशीनची ड्रॉइंग काढण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाल्यापासून मात्र स्वतःचं नाव लिहायला बसले की पेन्सिल पहिल्या अक्षरातच गोल गोल फिरत राहायची. हातात जोर होता, बोटं वळत होती, पण पुढे काय करायचं ते हाताला सुचत नव्हतं.

"अंकल, टाटा करके दिखाइए," थेरपिस्ट मुलगी म्हणायची. ते विचार करायचे, हात उचलायचे, आणि तो कानाशी जाऊन थांबायचा. त्यांची बायको जमिनीकडे बघत बसायची.

फोनवरचं माझं मराठी ऐकून एकदा ते मला मराठीतच म्हणाले, "दुखत नाही हो कुठेच. दुखलं असतं तर बाम तरी चोळला असता."

त्याच दिवशी त्यांची रिक्षा निघाली तसा मी सवयीने हात हलवला. त्यांनीही हलवला, अगदी सहज. बायकोने रिक्षा थांबवली. "अहो, जमलं की तुम्हाला. परत करा बरं."

त्यांनी हाताकडे निरखून बघितलं. हात कानाशी गेला. दुसऱ्या हाताने धरून त्यांनी तो खाली मांडीवर आणून ठेवला.

आता त्यांची रिक्षा निघाली की मी हात हलवतो आणि लगेच पाठ फिरवतो. तेही हलवत असतील. मी बघत नाही.