बिराजदारांचे दोन तास

"बाई, एकच ओळ लिहून द्या. विमानात कानात हेडफोन घालणं सक्तीचं हाय म्हणून. खाली तुमचा शिक्का."

बिराजदार माझ्या टेबलासमोर बसून हे इतक्या गंभीरपणे सांगत होते, की मी आधी त्यांचा कानच तपासायला घेतला. कान स्वच्छ होता.

इरा, अन्वय, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, विमानात इअरबड्स घातले तर चालतात का?" मी कानाची डॉक्टर. एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण ते तुम्ही विसरला असता. बिराजदारांना विसरणार नाही.

बिराजदार कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आता जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतात. दिल्लीत मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. ते, त्यांची पत्नी महानंदाताई आणि ताईंचे थोरले भाऊ सिद्रामअण्णा पुण्याहून विमानाने जाणार होते. बिराजदारांची सीट अण्णांच्या शेजारी आली होती.

"मग?" मी विचारलं.

"अण्णा बोलतेत."

"बोलू देत की."

"बाई, त्यांच्या शेताच्या बांधाची कोर्टात केस हाय. कुणीबी भेटलं की मोजणीपासून सुरू करतेत. वर्कशॉपमधला घण परवडला, जेवायच्या सुट्टीत तरी थांबायचा. मला दोन तास शांत पायजेत. नुसते हेडफोन घातले तर ही म्हणते, माझ्या भावाचा अपमान केला. डॉक्टरनं सांगितलंय म्हटल्यावर कोण बोलणार?"

मी खोटं सर्टिफिकेट देत नाही, हे त्यांना सांगितलं. ते उठायच्या आतच महानंदाताई आत आल्या. त्या बाहेर बसून होत्या आणि आमचं दार जाड नाही.

"डॉक्टर, तुम्ही खरं तेच सांगा. विमानात कानात बोंडं घातली तर पडदा फाटतो ना?"

"नाही हो, फाटत नाही."

"जरासाबी न्हाय?" ताईंचा चेहरा पडला. बिराजदार खुर्चीत पुन्हा ऐसपैस बसले.

मग मी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. कानाच्या पडद्यामागे एक छोटी खोली असते. तिथून एक बारीक नळी घशाच्या वरच्या भागात उघडते. विमान खाली उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो. तेवढी हवा त्या खोलीतही जावी लागते, नाहीतर पडदा आत ओढला जातो आणि दडे बसतात. आवंढा गिळला, जांभई दिली की नळी उघडते. कानात बसणारे हेडफोन बाहेरून बूच लावतात. बहुतेकदा कडेने थोडी हवा ये-जा करते, त्यामुळे काही होत नाही. पण फारच घट्ट बसले असतील, तर तिथेही हवा अडकते आणि दुखू शकतं. म्हणून विमान उतरायला लागलं की काढून ठेवायचे.

माझ्याकडे कानातला दाब तपासायचं टिंपॅनोमीटर नावाचं यंत्र आहे. त्याचं रबरी टोक कानात घट्ट बसवून यंत्र हवेचा दाब थोडा कमी-जास्त करतं. ते मी बिराजदारांच्या कानात लावलं. त्यांनी भुवया उंचावल्या.

"विमानात असं होईल. तेव्हा आवंढा गिळायचा. उतरताना झोपायचं नाही, कारण झोपेत आपण कमी गिळतो. सर्दी असेल तर मला आधी सांगायचं, कारण ती नळी सुजते. आवाज लहान ठेवायचा. आणि सूचना ऐकायच्या."

"म्हणजे घालायला हरकत न्हाय," बिराजदार म्हणाले. बाकीचं त्यांनी ऐकलं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात महानंदाताईंचा दिल्लीहून फोन आला. "डॉक्टर, ह्यांना ऐकूच येईना!"

बिराजदारांना निघायच्या आदल्या दिवशी सर्दी झाली होती. ती त्यांनी लपवली. हेडफोनला डब्यातले सगळ्यात मोठे रबर लावले. वरून कानटोपी. विमान सुटायच्या आधीच डोळे मिटले, ते दिल्लीची जमीन लागल्यावर उघडले. दोन्ही कानांना दडे. इथे हेडफोनची बाजू मी घेईन. मुख्य दोष सर्दीचा आणि झोपेचा होता.

मी तिथल्या डॉक्टरांना कान दाखवायला सांगितले आणि ते मोकळे होईपर्यंत विमान बंद केलं. परत रेल्वेनेच यायचं.

"बरं," ताई म्हणाल्या. "अण्णा असतेत सोबतीला."

दोन तास वाचवायला गेलेला माणूस दिल्लीहून सोलापूरपर्यंत सिद्रामअण्णांच्या समोरच्या बर्थवर बसून आला. शिवाय ऐकू येत नाही म्हणून अण्णा मोठ्याने सांगत होते. डब्यातल्या सगळ्यांना बांधाची केस पाठ झाली म्हणे.

सोलापुरात आल्यावर बिराजदार थेट दवाखान्यात आले. मी तपासलं. एक कान मोकळा झाला होता, दुसरा वाटेवर होता. पण त्यांना कानाची काळजी नव्हतीच.

"बाई, दुसरं सर्टिफिकेट द्या. दिल्लीत असताना मला काहीच ऐकू येत नव्हतं, असं. मी तिथं जे 'हो' म्हटलं, ते धरायचं न्हाय."

"कशाला 'हो' म्हटलंत?"

उत्तर महानंदाताईंनी दिलं. "अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय. मी जेवताना विचारलं, महिनाभर आपल्याकडं राहू दे का? ह्यांनी मान हलवली. वर हसले."

"मी सगळ्यालाच हलवत होतो! भाजी वाढू का म्हटलं तरी हलवत होतो!"

"आज ऐकू किती येतं, तेवढंच मी लिहू शकते," मी म्हणाले. "त्या दिवशी मी तिथे नव्हते."

"कानाचं जाऊ द्या डॉक्टर," ताई शांतपणे म्हणाल्या. "मान तर चांगली होती ना?"

मानेत काहीच दोष नव्हता.

ऑपरेशन झालं आणि अण्णा आले. सुरुवातीचे काही दिवस त्यांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही, असं घरच्यांनीच ठरवून टाकलं. टीव्ही नाही, पेपर नाही. मग माणूस दिवसभर काय करणार? दुसऱ्या दिवशीच बिराजदारांचा फोन. "बाई, जमिनीवर घातले तर चालतेत ना?"

"चालतात. आवाज लहान ठेवा."

बिराजदार हेडफोन घालून गॅलरीत बसले. अण्णा शेजारी येऊन म्हणाले, "काय ऐकतोस रे? एक इकडं दे की." नाही म्हणायची सोय नव्हती, ताई समोर बसून लसूण सोलत होत्या. बिराजदारांनी एक काढून दिला. जुनी भजनं चालू होती. अण्णा गप्प झाले. तासभर बांधाचा शब्द नाही. एवढा सोपा उपाय विमानातही त्यांच्या कानात होता. ते दोन्ही स्वतःलाच घालून झोपले, एवढंच चुकलं.

परवा बिराजदार कान दाखवायला आले. दोन्ही उत्तम.

"आणि अण्णा?"

"आता बोलत न्हाईत," ते म्हणाले. "गातेत."

तेव्हा मुलांनो, सोलापूरला याल तेव्हा इअरबड्स खुशाल घाला. विमान उतरायला लागलं की काढा, जागे राहा, आवंढा गिळत राहा. सर्दी असेल तर आजीपासून लपवू नका. आणि ऐकू आलं नसेल, तर मान हलवू नका.