मिस्ड कॉलला परत फोन आला

मंडळी, माझी सुनीता तलासरीच्या कॉलेजात शिकते. मन खचलेल्या मुलांसाठी फलकावर कोणत्या हेल्पलाइनचा नंबर लावायचा, ते सरांनी तिच्या वर्गावर सोपवलंय. आज तिने हेल्पलाइनच्या यादीतल्या सगळ्या नंबरांना मिस्ड कॉल दिले.

"अगं, नीट फोन लाव ना!"

"आई, बॅलन्स असतो कुणाकडे? सायवन गावाहून येणाऱ्या मुली मिस्ड कॉलच देणार."

एकाच ठिकाणाहून परत फोन आला. ती बोंबील तळत होती, म्हणून मी उचलला. 'नंबर चालतो का, सहज बघत होतो' म्हणणार होते. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "सावकाश बोला, मी ऐकतेय." आणि मी ह्यांच्याबद्दल बोलतच राहिले. हे गेल्यापासून इतकं कुणाशी बोलले नव्हते.

"आई, नंबर कॉलेजसाठी आहे गं!" सुनीता हसली. मलाही हसू आलं. आता फलकावर तोच नंबर लागणार.

तुमच्या कॉलेजातला नंबर कुणी फिरवून पाहिलाय का?