चिंचेच्या पाण्यातला शंख

ही वही कधी कोणी उघडलीच, तर शुद्धलेखनाची आणि अक्षराची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन धरले ते फक्त सही करायला.

मी विश्रांतवाडीत एका खोलीत राहते. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब आहे. आमच्याकडची बोली ऐकून इथे बायका हसल्या होत्या, तेव्हापासून मी कामापुरतेच बोलते. चार घरची कामे आहेत. त्यातले एक सदाशिव पेठेतले, कॉलेजात दगड शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचे. त्याही एकट्याच. काम झाले की त्या अर्धा कप चहा देत आणि दहा मिनिटे एखाद्या दगडाबद्दल सांगत. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलायचे ते तेवढेच.

एका शनिवारी त्यांच्या टेबलावर नवा दगड होता. गोल वेटोळ्याचा शंख, पण दगडाचा. त्यावर पिवळट थर बसला होता. बाई किल्ली माझ्याकडे देऊन दोन दिवस बाहेरगावी गेल्या होत्या. त्यांची तांब्याची भांडी मी चिंचेने लख्ख करते, म्हणून वाटले, हाही करून ठेवावा, खूश होतील. वाडग्यात घट्ट चिंचेचे पाणी करून दगड बुडवला. बारीक बुडबुडे आले. मला वाटले, मळ सुटतोय.

सोमवारी काथ्याने घासून काढला तर वेटोळ्यावरच्या नाजूक रेघा गेलेल्या. हाताला नुसता गुळगुळीत लागला. काम जाईल याची भीती नव्हती, काम दुसरीकडे मिळते. ती दहा मिनिटे जातील, याची होती.

बाईंनी दगड उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "लोणचं घालायचं होतं तर मीठही टाकायचं होतंत."

दगड कॉलेजचा होता, बाईंनी अभ्यासाला आणलेला. बदली तसाच विकत घेऊन द्यायला चार हजार लागले, ते त्यांनी भरले. मी म्हटले, दरमहा दोनशे देईन. त्या नको म्हणाल्या. मी ऐकले नाही. फुकट माफी घेऊन मला त्यांच्यासमोर चहा प्यायला बसता आले नसते.

पहिले दोनशे ठेवले त्या दिवशी त्यांनी तो खराब झालेला शंख समोर ठेवला. म्हणाल्या, फार पूर्वी हवेतला एक वायू पाण्यात विरघळला, शंखातल्या प्राण्यांनी त्याची कवचे केली, त्यांचा दगड झाला. चिंचेने तोच वायू पुन्हा मोकळा केला. ते बुडबुडे म्हणजे तेव्हाची हवा. मी मळ समजले होते.

नंतर महिन्या-महिन्याने बाकीचे कळले. टेकडीवर आपण चढतो तो काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो जमिनीतून बाहेर येत होता तेव्हा धुराने आणि वायूने हवा बदलली. त्यातच आकाशातून मोठा दगड पडला. समुद्राचे वरचे पाणी आंबट झाले. शंखातल्या या प्राण्याची पिल्ले वरच तरंगायची, इवल्या कवचाची. ती टिकली नसावीत. सगळी जात संपली. मोठमोठे प्राणीही गेले आणि बिळात राहणारे बारके वाचले. त्यांच्यातूनच पुढे आपण.

"याचा एक चुलत भाऊ मात्र अजून आहे," बाई म्हणाल्या. "खोल समुद्रात, अंधारात राहतो. खाणं कमी, कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"माझ्यासारखा," मी म्हटले.

"मी माझ्याबद्दल बोलत होते."

त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून मी मनातल्या मनात तेच वाक्य घोळवत होते.

शेवटचा हप्ता राहिला, तेव्हा मी तो दिलाच नाही. पैसे होते, पदराला बांधलेले. पण फिटले की गोष्टही संपणार असे वाटायचे. तसे दोन महिने गेले. बाईंनी विचारले नाही, आणि मी चहा पटकन पिऊन उठू लागले. खोलीवर आल्यावर वाटायचे, आपणच आपली दहा मिनिटे घालवतोय.

काल भांडी विसळून मी हात पुसले आणि पैसे न काढताच बसले. इतक्या दिवसांत मी स्वतःहून कधी काही विचारले नव्हते. आमच्याकडच्या बोलीतच विचारले, की त्या खोल समुद्रातल्या चुलत भावाचे आता कसे चालले आहे, आता तर गाड्यांचा धूर किती वाढला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "समुद्र पुन्हा आंबट व्हायला लागलाय. हळूहळू, पण त्या वेळच्या मानाने घाईने. हा वाचेल की नाही, मला माहीत नाही." मग चष्मा पुसत सांगत राहिल्या, आणि चहा दोघींचाही गार झाला.

उठताना मी पदराची गाठ सोडली आणि दोनशेची नोट त्या गुळगुळीत शंखाखाली ठेवली. चार हजार पुरे झाले.