मामांचं धोतर आणि दाढीवाल्याची चादर

तेव्हा मी दौंडला एका झेरॉक्स-इंटरनेटच्या दुकानात टायपिंग करायचे. गिऱ्हाईक नसलं की घरच्या घरी खटपटी करणाऱ्या परदेशी लोकांची एक वेबसाइट उघडून बसायचे. कुणी काय बनवलं त्याचे फोटो टाकायचे, बाकीचे शंका काढायचे. तिथं एका बाईनं सायकलला प्लास्टिकचं पिंप जोडून कपडे धुवायचं मशीन केलं होतं. मी ते फोटो छापून आमच्या गावी, राहूला, घरी नेले.

थोरल्या जाऊबाईंना असल्या उद्योगांचा भारी नाद. त्यांनी सासऱ्यांची सायकल स्टँडवर उभी करून मागच्या चाकाला पट्ट्यानं पिंप जोडलं. "सायकल माझी हाय, मीच बसनार," म्हणत मामा, म्हणजे आमचे सासरे, सीटवर चढले.

पिंप झकास फिरलं. मामांना जोर चढला आणि धोतराचा सोगा साखळीत गेला.

"मामा, थांबा!"

"थांबलोच हाय! न्हाईतर समदंच जाईल!"

जाऊबाईंनी कात्री आणली. मामा खवळले, "नवं हाय, कापायचं न्हाई!" मग साखळी उतरेपर्यंत ते तिथंच. चहा तिथंच प्यायले, आलेल्या पाहुण्यांशी ऊसतोडीच्या गप्पाही तिथूनच मारल्या.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर विचारलं, धोतर अडकू नये म्हणून काय करावं? आधी धोतर म्हणजे काय ते समजवावं लागलं. एकानं सुचवलं, पँट घाला. मशीनवाल्या बाईनं पत्र्याचा डबा कापून साखळीवर झाकण कसं बसवायचं, त्याचं चित्र काढून टाकलं. आणि एका दाढीवाल्यानं खात्री करायला स्वतः चादर गुंडाळून सायकल मारली. फोटोत चादर साखळीत आणि तो मामांसारखाच अडकून बसलेला.

मामांनी फोटो निरखला. "माझा नुसता सोगा गेला, ह्याची आख्खी चादर गेली. कासोटाच न्हाई खोचला! सांग त्याला."

"कसं सांगू, मामा?"

"फोटू काढ माझं."

दुकानाच्या मालकांचा कॅमेरा आणून मी निऱ्यांपासून कासोट्यापर्यंत सगळं टिपलं. प्रत्येक फोटोत मामा नवरदेवासारखे ताठ. साइटवर मशीनपेक्षा त्यांनाच जास्त प्रश्न आले. थोड्याच दिवसांत दाढीवाल्याचा नवा फोटो आला: फुलाफुलांची चादर, पक्का कासोटा, पायात बर्फातले बूट.

जाऊबाईंनी तेलाचा डबा कापून साखळीवर झाकण बसवलं आणि आमचे कपडे बिनघोर धुतले जाऊ लागले. मामा मात्र पायडल मारता मारता विचारायचे, "चादर गेली ते त्याच्या बायकोला कळलं का गं?"