सावली पडते की नाही

२००५ साली मी सांगली सोडली, तेव्हा मला मुंबईच्या गाडीत बसवायला आई एकटीच स्टँडवर आली होती. बाबांना रडू आवरत नाही म्हणून ते घरीच थांबले. आई मात्र खिडकीखाली कंबरेवर हात ठेवून उभी, जणू मी मिरजेला निघाले होते. गाडी सुटताना म्हणाली, "तिकडे काय इंग्रजी-बिंग्रजी बोलायचं ते बोल. भांडायचं मात्र मराठीत. परक्या भाषेत नुसता राग येतो, मन मोकळं होत नाही."

तुम्ही जे सांगलीत राहिलात त्यांना हे आईचं नेहमीचं बोलणं वाटेल. जे माझ्यासारखे परदेशात गेले त्यांना मात्र पटेल. आइंडहोवनला मी चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करते, दिवसभर मीटिंगा इंग्रजीत, खेमेंटेत म्हणजे इथल्या पालिकेत मोडकं डच. संध्याकाळी नवऱ्याशी कडकडून मराठीत वाजलं की कसं हलकं वाटतं. प्रश्न होता तो आमच्या ईराचा. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर डचमध्ये. रविवारी व्हिडिओ कॉलवर "हाय आजी, बाय आजी" झालं की ही सायकल काढून पसार. एकदा आई हळूच म्हणाली, "पोर गोड आहे गं. पण माझी कुणी लागते असं वाटत नाही." ते वाक्य मला फार लागलं. बरेच दिवस डोक्यातून जाईना.

२०१६च्या डिसेंबरात ऑफिसातल्या एका तमिळ मैत्रिणीच्या लग्नाला आम्ही मायलेकी तिरुचिरापल्लीला गेलो. ती म्हणाली, तासाभरावर तंजावर आहे, तिथल्या हजार वर्षांच्या देवळात भिंतीवर तुमची मराठी कोरलेली आहे, बघून या. आईला फोन केला तर तिला भलतंच कौतुक. "त्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही म्हणे. नीट बघून ये."

चपला बाहेर ठेवून आत शिरलो. अकरा वाजून गेले होते, फरशी चांगलीच तापलेली. नऊ वर्षांची ईरा काथ्याच्या पट्टीवरून टुणटुण उड्या मारत चालली होती आणि प्रश्न थांबत नव्हते. एवढा नंदी एका दगडाचा कसा? तो चौथऱ्यावर कोणी नेला? सगळ्यांच्या कपाळाला राख का? मी अर्ध्या उत्तरांनी वेळ मारून नेली. मग ओवरीतल्या भिंतीवर तो लेख दिसला. ओळींवर ओळी, आपलीच अक्षरं, इथे राज्य केलेल्या मराठा राजांच्या घराण्याची हकिकत. जुनं वळण, पण अडखळत का होईना, वाचता येत होतं. माझ्या अंगावर काटा आला. ईरा जांभई देऊन बाहेर पटांगणात गेली.

तिच्या मागे गेले तर एक वयस्क जोडपं. आजोबा वेष्टी नेसलेले, आजींच्या केसात गजरा. आजोबा ईराला इंग्रजीत सांगत होते की या शिखराची सावली पडत नाही. तेवढ्यात आजी कडाडल्या, "पडते म्हणते ना मी! चाळीस वर्षं बघते आहे. उगाच पोराबाळांना काहीही सांगता."

मी चमकून पाहिलं. शब्द आपले, हेल तमिळ. विचारलं तर कळलं, त्यांचे पूर्वज त्या राजांबरोबर आले, तीनेकशे वर्षं झाली. शाळा, बाजार, सगळं तमिळमध्ये. महाराष्ट्र दोघांनीही पाहिलेला नाही. पण भांडण मराठीत! मला आईची आठवण झाली आणि हसूच फुटलं.

"नीत वार," ईरा आजोबांना म्हणाली. खरं नाही, असं डचमध्ये. हा तिचा घरातला ठरलेला शब्द.

"काय म्हणते पोर?" आजींनी मला विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर ईराने माझा हात धरून मला गप्प केलं. आजींना डच येत नव्हतं, इंग्रजीही बेताचंच, आणि हिला तर बाजू मांडायची होती.

"आजी बरोबर," ती थांबत थांबत म्हणाली. "मी सावलीत आहे. इथे माझे पाय गार."

खरंच, ती शिखराच्या सावलीत अनवाणी उभी होती. आजोबांनी खाली पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाले, "बारा वाजता पडत नसेल." आजींनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी हॉटेलातून आईला व्हिडिओ कॉल लावला. "काय गं, नाही ना पडत सावली?" तिने विचारलं. ईराने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"पडते, आजी."

"नाही गं बाई, एवढे लोक सांगतात."

"पडते म्हणते ना मी! मी त्यात उभी होती."

वीस मिनिटं दोघी हटेनात. शब्द अडला की ईरा पलंगावरच्या उशीची सावली पाडून दाखवायची. आई मुद्दाम नाही म्हणते आहे हे मला कळत होतं, पण मी मध्ये पडले नाही. शेवटी फोन माझ्याकडे आला. "भांडखोर आहे गं कार्टी," आई म्हणाली. "आपलीच आहे."

ईरा अजूनही माझ्याशी डचच बोलते. पण रविवारी जेवणाआधी ती स्वतः आजीला फोन लावते आणि आत जाऊन दार लोटून घेते. खेमेंटेच्या कागदावर माझं घर आइंडहोवनला आहे, रेशनकार्डावर ते कधीकाळी सांगलीला होतं. त्या बंद दाराआडून "पडते म्हणते ना मी" असं ऐकू आलं की मी गॅस बारीक करते आणि तिथेच उभी राहते.