नक्कल आणि मूळ पुस्तक

आमच्या घरच्या पत्रकांवर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. हा बाबांचा नियम. दर ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आम्ही चादर अंथरून ती पत्रकं वाटतो. नाव नसलं तरी ती मी लिहिते हे गावाला ठाऊक होतं. हुंडा, दारू, बुवाबाजी, सगळ्यांवर मीच लिहिलं. नावाची मला गरज वाटली नाही, कारण घरात दुसरं कोणी लिहीतच नव्हतं.

मागच्या वर्षी विषय ठरला सिकलसेल. आमच्या भागात हा आजार किती घरांत आहे, आणि तरी कोणी त्याला अशक्तपणा म्हणतं, कोणी करणी. मी पेटून लिहायला बसले. 'डीएनए ही जीवनाची लिपी आहे. चार अक्षरांच्या या लिपीत ना जात आहे, ना धर्म,' अशी सुरुवात केली. पुढे आरएनए, रायबोसोम, अमिनो आम्लं, प्रथिनं असं सगळं ओळीनं मांडलं. सुरुवातीच्या वाक्यावर मी खूश होते.

छापण्याआधी मजकूर गावच्या बुद्धविहारात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, ही आमची रीत. ऐकणाऱ्यानं 'म्हंजे काय' म्हटलं की बाबा लाल पेननं ते वाक्य खोडतात. लिहिणाऱ्यानं वाद घालायचा नाही.

रविवारी सकाळी मी वाचायला उभी राहिले. पहिलंच वाक्य संपलं आणि शेजारच्या मावशी म्हणाल्या, "म्हंजे काय व पोरी?"

त्यांच्या मुलाला सिकलसेल आहे. थंडी पडली की त्याची हाडं ठणकतात. त्यांच्यासाठीच तर मी लिहिलं होतं. बाबांनी लाल रेघ मारली. मग दुसरी, मग तिसरी. पान संपेपर्यंत माझं पत्रक उरलंच नव्हतं.

"मी सांगून पाहू काय?" मागून धाकटी बहीण म्हणाली.

ती बीएस्सीला आहे. नाटकांचा हंगाम जवळ आला की वडशाच्या एका नाटक कंपनीसाठी नटांच्या संवादांच्या नकला उतरवते. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे, असं आईपासून पोस्टमनपर्यंत सगळे म्हणतात. माझ्या अक्षराबद्दल कधी कोणी बोललं नाही.

"मावशी, नाटकाचं मूळ पुस्तक कुठी असते?" तिनं विचारलं.

"मालकाच्या पेटीत."

"ते कोणाले देते काय तो?"

"कायले देते? हरपलं तं?"

"म्हून मंग ज्याले त्याले त्याच्या कामाची नक्कल उतरवून देतो आपण. राजाले राजाची, शिपायाले शिपायाची. डीएनए म्हंजे ते पेटीतलं पुस्तक. पेशीच्या मधात केंद्रक असते, ते त्याची पेटी. आरएनए म्हंजे नक्कल, तेवढीच बाहेर येते. रायबोसोम तिच्यातले तीन-तीन अक्षरं वाचते. दर तीन अक्षरांमागं एक अमिनो आम्ल. ते एकामागं एक जोडले का प्रथिन तयार."

कोणीही 'म्हंजे काय' म्हटलं नाही. बाबांनी पेनला टोपण लावलं. माझ्या वाचनाच्या वेळी ते टोपण एकदाही लागलं नव्हतं. बहीण चुकावी असं मला मनापासून वाटलं.

आणि ती चुकली.

"मागच्या साली नक्कल उतरवताना माह्याकडून एक ओळ सुटली," ती हसत म्हणाली. "राजानं कैद्याले सोडाचा हुकूमच देल्ला नाई. नायक मध्यंतरापर्यंत कोठडीत."

"मी म्हणतच होती, हा काऊन सुटून नाई राह्यला," एक आजी म्हणाल्या. सगळे हसले.

"सिकलसेलचं तसंच. नकलेत एक अक्षर चुकलं, हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन वेगळं झालं, अन् रक्ताची गोल पेशी विळ्यासारखी वाकडी."

मावशी एकदम पुढे सरकल्या. "मंग नक्कल नवी उतरवली तं? माहा पोरगा बरा होईल काय?"

मी उठले. खरं तेच लोकांना सांगायचं, हे मी याच विहारात शिकले होते. पण मी फक्त त्यासाठी उठले असं म्हणवत नाही. उठताना मला गोड वाटत होतं.

"चूक नकलेत नाही, मावशी. मूळ पुस्तकात आहे," मी म्हणाले. "कितीही नव्या नकला उतरवा, तेच अक्षर उतरणार."

वाक्य सरळ होतं. सगळ्यांना कळलं. बाबांनी मान हलवली, आणि मी जिंकले असं मला क्षणभर वाटलं.

मावशी खाली बघत म्हणाल्या, "पुस्तक तं मायच देते लेकराले. म्हंजे मीच बिघडवला त्याले."

बहीण त्यांच्याजवळ जाऊन बसली. "पुस्तकाच्या दोन प्रती असते, मावशी. एक मायची, एक बापाची. एकीतच चूक असली तं दुसरीवर काम चालते, माणसाले पत्ताही लागत नाई. तुमाले नाई लागला, काकालेही नाई. चुकीची प्रत दोघाकडून आली तवा आजार झाला. तुमी जाणून कुठी देल्ली? म्हून तं लग्नाआधी रक्त तपासा म्हणून राह्यलो."

"पोरीचं लग्न काढाचं हाये," मावशी मान वर करून म्हणाल्या. "तिले घेऊन जातो तपासाले."

पत्रक बहिणीचंच छापायचं ठरलं. त्यात माझं एक वाक्य राहिलं, मूळ पुस्तकाचं. नाव अर्थातच कोणाचंही नाही. इतकी वर्षं मला तो नियम आवडत आला होता, आणि आता लोक हे पत्रकही माझंच समजून माझंच कौतुक करतील म्हणून तो मला सहन होईना.

छापखान्यात द्यायची स्वच्छ प्रत तिनंच उतरवली. "ताई, एकदा ताडून पाह्य न," म्हणत माझ्यासमोर ठेवली. मी कच्चा मजकूर शेजारी घेतला आणि अक्षर न् अक्षर तपासलं. एक तरी चूक सापडावी म्हणून माझं वाक्य दोनदा वाचलं. ते जसंच्या तसं होतं, आणि तिच्या अक्षरात जास्त चांगलं दिसत होतं.