सम्राटदादांच्या हातातला पाऊस

स्वप्नाली सकाळी जोतीराम तात्यांच्या गुऱ्हाळावर पोहोचली, तेव्हा चुलवाण थंड होते आणि काहिलीत आदल्या दिवशीचा रस आंबून फेसाळला होता. काल नोव्हेंबरातली अवकाळी सर आली, अंगणात जळणासाठी वाळत घातलेले उसाचे चिपाड भिजले. ते पेटेना, जाळ धरेना, आणि अर्धा शिजलेला रस जागीच नासला. चिपाड उघड्यावर राहिले होते ते तिच्याच शब्दावर. ‘हवा कोरडी राहील’ हा निरोप तिच्या नावाने तात्यांच्या फोनवर गेला होता.

“या बाईसाहेब, या! पिशवीत कोरडी हवा घिऊन आलासा का?” तात्या कडाडले. “माजा बा नुस्तं आभाळाकडं बघून सांगायचा, आन् चुकायचा. तू कंप्युटर लावून चुकलीस. एवडाच फरक की! आता तुज्या निरोपावर म्या चिपाड पसरीन व्हय?”

स्वप्नालीने मान खाली घातली. आठ वर्षांत कमावलेला विश्वास एका सरीत वाहून गेला होता.

ती मूळची कबनूरची, यंत्रमागावर राबणाऱ्या बापाची लेक. हवा कोरडी पडली की सूत तुटते, म्हणून वडील मागाखालच्या फरशीवर पाणी शिंपडत. हवेतली ओल डोळ्यांना दिसत नाही, आणि तिच्यावाचून धागा टिकत नाही! हे नवल तिने देव्हाऱ्यातल्या ज्योतीसारखे जपले. पुढे ती हवामानशास्त्र शिकली, कोल्हापुरातल्या एका खाजगी कंपनीत लागली. पठारावरल्या पवनचक्क्यांसाठी उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव तुकडे करायचे, कोणत्या तुकड्यात वारा किती आणि वीज किती ते सांगायचे; आणि मळ्यांना, गुऱ्हाळांना पावसाची खबर द्यायची, हे तिचे काम. वारा देवाचा, पाऊसही त्याचाच. आपण केवळ निरोपे. निरोप्याने निरोप बिघडवू नये, एवढे एकच व्रत तिने धरले होते.

तात्यांच्या गावच्या दूध संस्थेच्या छतावर कंपनीचे यंत्र होते: पाऊस झेलणारे नरसाळे, वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या, त्यांना धरून उभा खांब. गुऱ्हाळावरून निघून ती जिना चढून वर गेली आणि थबकली.

खांबाला फ्लेक्स बांधला होता. गावपुढारी सम्राटदादांचा वाढदिवस! दादा हात जोडून हसत होते. फ्लेक्सच्या दोरीने वाट्या आवळल्या होत्या. वारा सुसाट आणि वाट्या ढिम्म. फ्लेक्सचा खालचा भाग नरसाळ्यावर झोळीसारखा लोंबत होता, नेमका दादांच्या जोडलेल्या हातांपाशी, आणि त्या झोळीत पाणी होते. हिरवट, कुबट पाणी. वर गुटख्याच्या पुड्या, तांबड्या पिंका, आत वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. तिच्या नोंदीत जो पाऊस शून्य होता, तो येथे कुजत होता. आकाशाने हात आखडला नव्हता. आकाशाने दिले होते! जे पात्र तीर्थासारखे उचलून धरायचे, त्यावर माणूस थुंकला होता.

“म्याडम, त्यो सोडू नगासा. दादांचा हाय,” मागून संस्थेचे सचिव केरबा धापा टाकत आले.

“किती दिवस झाले?”

“नऊ. वाढदीस झाला, पर दादांचं तोंड खाली उतरवायचं कुणी? रस्त्यावरनं झ्याक दिसतंय हितनं.”

“आणि यंत्राचं काय?”

“त्येला काय धाड भरलीया? दिवा लागतोय की त्येचा!”

तिने तिथूनच साहेबांना, विश्वजित सरांना फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, “शून्य येत होतं म्हणजे आकडा येत होता ना? रकाना रिकामा नव्हता, मग ग्राहक कशाला ओरडतोय? काढून टाक आणि गप्प बस. खुलासा करशील, तर उद्या पवनचक्कीवाले पण जाब विचारतील.”

किळस आली. दादांच्या हसण्याची आली, केरबांच्या दिव्याची आली, सरांच्या रकान्याची आली. पण किळस तेवढ्यावर थांबेना, ती तिच्या स्वतःकडेच वळली. रोज सकाळी संगणकाचा पडदा तिला विचारी: वारा शून्य, पाऊस शून्य, मान्य? त्या छतावर वारा कधीच शून्य नसतो, हे तिला पक्के ठाऊक होते. तरी नऊ सकाळी, चहाचे घोट घेत, तिने ‘मान्य’ दाबले होते. संगणक त्या शून्यांवरून शिकला, की या गावी पाऊस पडत नाही. लोक झोळीत थुंकले. ती कशात थुंकली होती?

तिने दोरी कापली. झोळी फुटली, घाण तिच्या पायांवर ओतली गेली. केरबा ओरडत राहिले. वाट्या मात्र गरगर फिरू लागल्या. तिने नरसाळे हातांनी निपटून काढले आणि फोनवर लिहिले: “नऊ दिवस यंत्र झाकलेले होते. आकडे खोटे दिसत असूनही मी ते मान्य केले. कालचा अंदाज चुकला, चूक माझी. स्वप्नाली.” सगळ्या गुऱ्हाळांना धाडले, पवनचक्क्यांनाही धाडले. लगेच सरांचा फोन वाजू लागला. तिने उचलला नाही.

तासाभराने ती तात्यांपुढे उभी राहिली. ऊन लख्ख होते. “तात्या, राहिलेलं चिपाड झाका. दुपारनंतर सर येईल.”

“खातरीनं?”

“दहांत सात वेळा.”

“आन् तीनदा?”

“तीनदा चुकेन. पण आता बघून चुकेन.”

तात्यांनी फोनवरला निरोप पुन्हा वाचला. “ह्ये तूच लिवलंस? सायबानं न्हाई?”

“मीच.”

“मग निम्मं झाकतो. निम्मं तुज्यावर, निम्मं माज्या डोळ्यांवर.”

चारच्या सुमाराला आभाळ फुटले. उघडे राहिलेले निम्मे चिपाड भिजले. छपराखाली तात्यांनी गुळाचा एक खडा तिच्यापुढे धरला. तिने हात मागे घेतला. दोनदा साबण लावूनही बोटांना त्या झोळीचा वास होता.

“मग धू की!” तात्यांनी पत्र्याच्या कडेवरून कोसळणाऱ्या धारेकडे बोट केले. “आन् उद्याचा निरोप कवा धाडणार?”

“सातला,” ती ओंजळ धारेखाली धरून म्हणाली. “आधी छतावर जाऊन.”